दादाच्या आवाजाची प्रत

दादाचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा घशातून गेला, तेव्हा डॉक्टरांनी रीतसर आधी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा लोखंडी कपाटातून गेला, तेव्हा कोणी काही सांगितलं नाही. उलट त्या दिवशीच्या अहवालात सगळं हिरवंगार होतं.

दादा मोटार चालवायला शिकवतो. हा मुळात ओरडण्याचा धंदा आहे असं त्याचं मत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून मरणाची वाट बघायची आणि मधल्या वेळात ओरडायचं. "क्लच! अरे क्लच! तो ब्रेक आहे, क्लच त्याच्या शेजारी राहतो!" तर अशा माणसाच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल असं सर्जन म्हणाले, तेव्हा दादाने विचारलं, "स्वरयंत्र ठेवून बाकीचा मी काढला तर?" सर्जन हसले नाहीत. त्यांचं हसणं बहुधा आधीच कोणीतरी काढलेलं होतं.

घरी सगळ्यात मोठी अडचण होती भिंगरी. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. खरं नावही आहे, पण त्याला ती ओ देत नाही. तिला अजून वाचता येत नाही. म्हणजे ऑपरेशननंतर आम्ही मोठी माणसं दादाने कागदावर, फोनवर लिहिलेलं वाचणार, आणि भिंगरीच्या लेखी त्या नुसत्या मुंग्या. बाप समोर असून तिला तो ऐकू येणार नव्हता.

त्यावर इलाज होता, आणि तो मी जिथे नोकरी करतो त्याच इस्पितळात होता. तिथे वाचा-उपचाराची एक खोली आहे. आवाज जाणार असलेली माणसं आधी तिथे बसून वाक्यं रेकॉर्ड करतात. त्यांवरून नंतर त्यांचाच आवाज तयार करतात. तुम्ही टॅबवर लिहायचं, टॅब तुमच्या आवाजात बोलतो. त्या खोलीच्या बाईंना मी उच्चारताई म्हणतो. त्यांना ते माहीत आहे. एकदा त्यांनी माझा 'च' सुधारूनही दिला होता.

दादा रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायला लागला. वाक्यांचे दोन ढीग होते. एक ताईंचा. त्यात भाषेतले सगळे आवाज यावेत म्हणून बनवलेली वाक्यं, आणि ती बनवणाऱ्याला बहुधा ताप होता. "झाडावर ढाल ठेवून छत्री घळाघळा झोपली." दादा हे इमानदारीत म्हणायचा आणि बाहेर येऊन मला म्हणायचा, "आयुष्यातले शेवटचे शब्द छत्रीवर खर्च चाललेत."

दुसरा ढीग त्याचा स्वतःचा. त्याला ताई 'घरची वाक्यं' म्हणायच्या. आपल्या माणसांना जे जसंच्या तसं म्हणायचं आहे, ते. त्यात काय काय आहे हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. वहिनींनी खोदून खोदून विचारलं.

"ऑपरेशननंतर ऐक ना," तो म्हणाला. "आत्ताच ऐकलंस तर मग माझ्याकडे नवीन काय उरणार?"

ऑपरेशन चांगलं झालं. टाके सुकले की आवाज बनवायला घेऊ, असं ताई म्हणाल्या. टाके सुकत असताना कपाट गेलं.

आता कपाटाचं सांगतो. आमच्या संगणक विभागात एका थंड खोलीत मोठाली लोखंडी मशीनं आहेत, आणि त्यांच्या पोटात पुष्कळशी नसलेली मशीनं राहतात. नसलेली म्हणजे काय, तर प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, आपलं घर आपलं आहे. खरं तर सगळी एकाच चाळीत भाड्याने राहत असतात. औषधांचं एक मशीन, पगाराचं एक, स्वयंपाकघराचं एक. उच्चारताईंच्या रेकॉर्डिंगचंही एक. त्या सगळ्यांच्या फाइली डिस्कच्या एका कपाटात. कपाटातली एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचं काम सांभाळून घेतात. पण त्या दिवशी एक गेली आणि तिच्या दुःखात असल्यासारखी दुसरीही गेली. मग कपाटाने आवरतं घेतलं.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मुकादम म्हणतात, अजिबात घाबरले नाहीत.

"रोज बॅकअप होतोय," ते म्हणाले. "रोज हिरवी खूण. चल, एकेक मशीन परत उभं करू."

आणि खरंच, एकेक उभं राहिलं. औषधं आली. पगार आले, म्हणून टाळ्या पडल्या. स्वयंपाकघर आलं, त्यात एक जुना भोपळ्याचा हिशोबसुद्धा आला जो कोणालाच नको होता. मग उच्चारताईंचं मशीन आलं. सुरू झालं. त्यावर वेळ बरोबर होती, भिंतीचं चित्र बरोबर होतं, ताईंनी खेळायला ठेवलेला पत्त्यांचा डाव अर्धवट होता तसा होता. फक्त रेकॉर्डिंगची डिस्क नव्हती. रिकामी नव्हती, नव्हतीच. आपल्याच घरी परत यावं आणि एक खोलीच नसावी, तशी.

"साहेब, डिस्क?" मी विचारलं.

मुकादमांनी माऊस हातात घेतला, यादी वर नेली, खाली नेली, परत वर नेली. मग त्यांनी माऊस सोडला.

"ती मी बाहेर काढली होती," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. बॅकअप घेताना आमचा प्रोग्राम मशीनला क्षणभर म्हणतो, हलू नकोस, आणि तेवढ्यात त्याचा फोटो काढतो. जुन्या फोटोवाल्यासारखा. रात्री सगळी वाट औषधांच्या आणि पगाराच्या प्रतींनी भरलेली असते, म्हणून लहान मशीनचे फोटो दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आणि जेवणाच्या सुट्टीत दादा बोलत असायचा. त्या क्षणी मशीन थिजायचं आणि वाक्य मधेच तुटायचं. ताईंनी मुकादमांकडे तक्रार केली. मुकादमांनी त्या डिस्कपुढे एक खूण केली: हिला फोटोत घेऊ नका. मग वाक्यं तुटायची थांबली. अहवाल मात्र हिरवाच राहिला, कारण जे मागितलंच नाही ते मिळालं नाही अशी कुरकूर अहवाल करत नसतो.

आवाजाला धक्का लागू नये म्हणून आवाज उघड्यावर ठेवला. आमच्या विभागात वाईट हेतूने कोणी काही करत नाही. तेवढी कोणाला फुरसत नसते.

मेलेल्या डिस्क आम्ही त्यातल्या जाणकारांकडे पाठवल्या. त्या परत आल्या, सुंदर बांधून, आत काही मिळालं नाही असं कळवून.

एकच वाट उरली होती. जुन्यातली एक मासिक प्रत नियमाने जपून ठेवलेली असते. ती मुकादमांनी खूण करण्याआधीची निघाली. म्हणजे दादाचा पहिला दिवस त्यात असणार. सगळं मशीन उभं न करता मी त्या प्रतीच्या आत शिरलो आणि नेमका तेवढाच फोल्डर बाहेर काढला. तो निघाला तेव्हा मी खुर्चीत उडी मारली. मुकादमांनी पाठ थोपटली. मग आम्ही दोघं उच्चारताईंच्या खोलीत गेलो आणि तिघांनी ऐकायला घेतलं.

"झाडावर ढाल ठे—" शांतता. "—री घळाघळा झोपली."

दादाचा आवाज. अगदी दादाचा. मी हसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. पुढचं वाक्य तुटकं. त्याच्या पुढचं अख्खं, पण त्यात एका उंटाने खिडकी गिळली होती. आठ-दहा वाक्यं, सगळी ताईंच्या ढिगातली. घरचं एकही नव्हतं; ती सगळी नंतरची. आणि शेवटी, रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेल्यामुळे, दादा नुसता बोलताना सापडला:

"ताई, हे परत अडलं बघा. तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगा काहीतरी. नाहीतर माझ्या पोरीच्या वाट्याला तुटका बाप यायचा."

मुकादम उभे राहिले. मग बसले.

"मी लगेच केलं होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी. माझ्याकडून कामं महिनोन्महिने होत नाहीत रे. हे तेवढं मी त्याच दिवशी केलं."

ताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी तो परत ताईंपुढे सरकवला. असं थोडा वेळ चाललं.

"यातून आवाज बनेल?" मी विचारलं.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "एवढ्याशातून नाही बनत. घरचे व्हिडिओ असतील ना?"

घरी व्हिडिओ होते. पण दादाची एक खोड आहे. कॅमेरा दिसला की तो ताठ उभा राहतो आणि फोटो निघेपर्यंत श्वास धरतो. व्हिडिओ आहे असं कितीही सांगा. आमच्याकडे दादाचे तासभर व्हिडिओ आहेत आणि त्या सगळ्यांत तो श्वास धरून उभा आहे. उरलेले गाडीतले, त्यात तो बोलतो, पण इंजिन त्याच्यापेक्षा स्पष्ट बोलतं.

दादाला मीच सांगितलं. तो शिकवणीच्या गाडीत होता. आता तो ओरडायच्या ऐवजी डॅशबोर्डवर थापा मारायचा. एक थाप म्हणजे क्लच, दोन म्हणजे ब्रेक, आणि खूप थापा म्हणजे आई आठव. विद्यार्थी गेल्यावर मी शेजारी बसलो. गाडी तो चालवत होता. मी सांगायला लागलो तसा त्याने सिग्नल देऊन गाडी कडेला घेतली. बातमी कितीही वाईट असो, तो सिग्नल देतोच. मग त्याने फोनवर लिहिलं, "घरची?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही. तुझी ती तक्रार तेवढी आहे."

त्याने काचेतून बाहेर बघितलं. बाहेर एक बाई सायकलला कुलूप लावत होती. लावून झाल्यावर तिने ते ओढून पाहिलं, चार पावलं गेली, परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. दादा तिच्याकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मग त्याने बराच वेळ लिहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"त्यात मी तिला रागावलोसुद्धा होतो. मोठी झाल्यावर लागेल म्हणून आगाऊ रागावून ठेवलं होतं."

"कशाबद्दल?"

"उशिरा घरी आल्याबद्दल."

भिंगरी तेव्हा बालवाडीत होती. दुपारी जेवायच्या आत घरी यायची.

"मग सॉरीपण म्हणून ठेवलं होतं," त्याने लिहिलं. "जास्त बोललो असं वाटलं मला."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. हे मला येतं, हे एकच मला येतं. दादाने माझ्या गुडघ्यावर एक थाप मारली. क्लच. गाडी सुरू केली.

मुकादमांनी त्यानंतर सगळ्या मशीनच्या बॅकअपची नवी योजना करायचं काम माझ्यावर टाकलं. त्यात प्रत्येक विभागाला विचारायचं असतं की तुमचं किती गेलं तर चालेल आणि परत यायला किती वेळ लागला तर चालेल. लेखा विभाग म्हणाला, काहीही जाता कामा नये आणि काल परत आलं पाहिजे. स्वयंपाकघर म्हणालं, सगळं गेलं तरी चालेल, भोपळा पहिला. उच्चारताई म्हणाल्या, "मला हे विचारूच नका. ज्याचा आवाज आहे त्याला विचारा."

मी विचारलं नाही. त्यांच्या मशीनपुढे मी लिहिलं: सर्व डिस्क, एकही न वगळता, खोलीला कुलूप लागल्यावर, एक प्रत जवळ, एक दुसऱ्या इमारतीत, आणि दर महिन्याला एक फाइल बाहेर काढून माणसाने स्वतःच्या कानांनी शेवटपर्यंत ऐकायची. मुकादमांनी न वाचता सही केली. मग वाचलं, आणि त्याच सहीवरून पुन्हा एकदा पेन फिरवलं.

ही योजना सांगायला गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "तुमचा आवाज भावासारखाच आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का?"

सांगितलं कसलं, सगळं आयुष्य त्यातच गेलं. फोनवर दादाचे विद्यार्थी मला गिअरच्या अडचणी सांगायचे. वहिनींनी एकदा मला पाव तास झापलं होतं आणि मी दादा नाही हे सांगायची संधी दिली नव्हती.

"सख्ख्या भावाचा आवाज घेतात कधी कधी," ताई म्हणाल्या. "त्यांचा नाही, पण जवळचा. टॅबमध्ये मुळात असतो तो कोणाचाच नसतो."

दादाने होकार दिला. मी काचेच्या आत बसलो, तो काचेच्या बाहेर. जुनी घरची वाक्यं त्याने मला दिली नाहीत. "ती माझी होती," त्याने लिहिलं. नवी लिहून आणली होती, रोजच्या वापरातली. भिंगरी, इकडे ये. भिंगरी, दात घासलेस का? मी चुकलो की काचेवर थाप. मी "दात घासलेस का" असं म्हटलं की त्याने तोंड वाकडं करायचं, हात पसरून खुणेने सांगायचं, मोठ्याने, अजून मोठ्याने, पण प्रेमाने. प्रेमाची खूण तो गिअर टाकल्यासारखी करायचा.

एक वाक्य माझ्यासाठीही होतं. "गधड्या, फुकटचा जेवायला आलास ना?" हे मी घरी गेलो की तो दरवेळी म्हणायचा. आता ते मला मलाच म्हणायचं होतं.

"थोडा अजून राग आणा," ताई म्हणाल्या.

"मला स्वतःचा इतका राग येत नाही, ताई."

"मग भावाचा आणा."

"त्याचा तर मुळीच येत नाही."

ते वाक्य बऱ्याच वेळा घ्यावं लागलं. काचेपलीकडे दादाचे खांदे हलत होते. तो हसत होता की दुसरं काही, हे आवाजाशिवाय कळत नाही. हे मला त्याच दिवशी कळलं.

आवाज तयार झाला. संध्याकाळी मी आणि दादा टॅब घेऊन घरी गेलो. वहिनींनी ओलं फडकं घेऊन तो पुसला, जसं काही कोणाला आंघोळ घालून सगळ्यांसमोर आणायचं आहे. दादा खुर्चीत नीट बसला, शर्ट ओढून घेतला. लिहिलं. बटण दाबलं.

"भिंगरी, इकडे ये."

भिंगरी जमिनीवर कागद कापत होती. तिने मान वर केली, उठली, पळत आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली.

"काय काका?"

आम्ही हसलो. वहिनी म्हणाल्या, "अगं वेडे, बाबा बोलावतोय." दादाने पुन्हा बटण दाबलं. भिंगरीने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग टॅबकडे, मग टॅब उलटा करून त्याच्या पाठीकडे.

"काका आत कसा गेला?"

"काका नाही गं, बाबाचा आवाज आहे तो."

"बाबाचा नाही," भिंगरी म्हणाली. ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. "हा काकाचा आहे."

जगात सगळे फसायचे, ही फसली नाही. दादाने मला अंगठ्याने दाराकडे खूण केली. गाडी बंद पाडणाऱ्या विद्यार्थ्याला तो अशीच खूण करून उतरवतो. बरोबर होतं, मी समोर असल्यामुळे तिचा गोंधळ होत असणार. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन चपलांच्या रॅकपाशी उभा राहिलो. वहिनीही मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं.

आतून मी म्हणालो, "भिंगरी, काय कापतेस? बाबाला दाखव."

पावलं वाजली. दार उघडलं. भिंगरी हातात कागद घेऊन माझ्यापुढे उभी होती.

"काका, हे फूल आहे," ती म्हणाली. "बाबाला तू दाखव."

"मी नाही बोललो गं," मी म्हणालो.

आणि हे मी त्याच आवाजात म्हणालो. माझ्याकडे दुसरा नव्हता.

आतून पुन्हा मी हाक मारली, "भिंगरी." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते बंद होतं. तिचा चेहरा बदलत गेला आणि ती घाबरून रडायला लागली. वहिनींनी तिला उचललं. उघड्या दारातून दादा दिसत होता. टॅब गुडघ्यांवर, आणि त्याने दोन्ही हात त्याच्यावर असे ठेवले होते की जणू टॅबच थंडीने कुडकुडतोय.

मग त्याने काहीतरी दाबलं, परत दाबलं, यादी खाली नेली.

"भिन्-गरी," टॅब म्हणाला.

तो मुळातला आवाज होता. कोणाचाच नसलेला. बँकेचा फोन उचलतो तसला एक सपाट माणूस, ज्याला लहान मुलं माहीत नाहीत. भिंगरी रडायची थांबली. वहिनींच्या खांद्यावरून तिने दाराकडे बघितलं.

"भिन्-गरी. मी बा-बा."

ती खाली उतरली. दाराच्या चौकटीत उभी राहिली, एक पाय आत.

"तू बोललास?" तिने विचारलं.

दादाने लिहिलं. "हो," तो माणूस म्हणाला.

"असं नाही म्हणायचं. भिंगरी म्हणायचं."

"भिन्-गरी."

"नाही येत तुला," ती म्हणाली, आणि आत गेली. फूल दाखवायला. दादाने ते हातात घेतलं, वर धरून पाहिलं, आणि दाराकडे एकदाही बघितलं नाही.

मी चपला घातल्या. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि त्यांनी नुसती भुवई उचलून विचारलं, भाऊजी, चाललात? जेवायचं?

आतून तो माणूस एकेक शब्द सुटा करत काहीतरी सांगत होता आणि भिंगरी त्याला सुधारत होती. मी बोललो असतो तर आत ऐकू गेलं असतं.

मी मान हलवली, आणि जिना उतरायला लागलो.